डेटा फुटल्यानंतरच्या सामूहिक भरपाई दाव्यात आपले नाव घालावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्या कंपनीकडे आपले खाते होते तिने आपले नाव, ईमेल व फोन क्रमांक चोरीला गेल्याचे कळवले, पाठोपाठ एका वकील संस्थेचे ‘जिंकलो नाही तर फी नाही’ असे पत्र आले, आणि आता सही करावी की नाही हे ठरत नाही. मी वकील नाही, पण ग्राहक तक्रारींची कागदपत्रे वाचणे हे माझे काम आहे. अशा एका दाव्यात मी स्वतः सहभागी झालो होतो आणि दुसऱ्यापासून मुद्दाम लांब राहिलो.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीकडून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. २०१९ च्या तडजोडीत, ज्यांच्याकडे पतनिगराणीची (आपल्या नावावरच्या कर्जव्यवहारांवर लक्ष ठेवणारी) सेवा आधीपासून होती त्यांना १२५ डॉलरपर्यंत रोख मागण्याची मुभा होती. मात्र त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम ३ कोटी १० लाख डॉलर होती, म्हणजे अडीच लाख अर्ज आले की ती संपणार हे उघड होते. अर्ज त्याहून कितीतरी अधिक आले आणि १२५ चा आकडा कागदावरच राहिला. त्याच तडजोडीत प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा देणाऱ्याला २०,००० डॉलरपर्यंत मागता येत होते. या दोन आकड्यांमधला फरक पुराव्याचा आहे, आणि तो बहुतेक लोक गोळाच करत नाहीत.

दावा कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, हेही पाहा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले की भरपाईसाठी माहिती-संरक्षणाचा नुसता नियमभंग पुरेसा नाही, नुकसान दाखवावे लागेल, मात्र ते गंभीरच असले पाहिजे असे नाही. फेसबुकवरून माहिती फुटल्याच्या प्रकरणात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये माहितीवरचा ताबा सुटणे हेच नुकसान मानले, पण रकमेचा अंदाज दिला तो १०० युरोंच्या आसपास. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गुगलविरुद्धचा लाखो लोकांच्या वतीने केलेला दावा प्रत्येकाचे नुकसान सिद्ध न केल्यामुळे पुढे जाऊ दिला नाही. ते प्रकरण डेटाचोरीचे नव्हते, माहितीच्या परस्पर वापराचे होते. तरी त्याचा धक्का अशा सगळ्याच दाव्यांना बसला.

खरा निर्णय मात्र सही करायच्या करारात दडलेला असतो. ‘फी नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा होत नाही. भरपाईतला किती टक्के वाटा वकिलांचा, त्यावर कर आणि विम्याचा हप्ता वेगळा कापणार का, दावा हरला तर समोरच्या पक्षाचा खर्च कोणी सोसायचा, हे लेखी विचारा. मी ज्या दाव्यापासून लांब राहिलो त्याच्या करारात शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होते: सुरुवातीची मुदत उलटल्यावर अशिलाने माघार घेतली, तर तोवरच्या कामाचे तासाच्या दराने पैसे द्यावे लागतील. अपेक्षित भरपाई शंभरेक, आणि टांगती तलवार हजारोंची! अशा ठिकाणी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

काही देशांत उलटी पद्धत असते: आपण गप्प राहिलात तरी गटात धरले जाता आणि तडजोड मंजूर झाली की स्वतंत्र दाव्याचा हक्क संपतो. पैसे खरोखरच गेले असतील किंवा आपल्या नावावर कोणी कर्ज काढले असेल, तर बाहेर पडण्याची तारीख उलटण्यापूर्वी स्वतःचा वकील गाठा.

आपल्या बाबतीत पैसे गेलेले दिसत नाहीत. खर्चाचा कोणताही भार अंगावर येणार नाही असे लेखी मिळाले तर खुशाल नाव घाला; ते मिळाले नाही तर मी सही करणार नाही. कंपनीचा मूळ ईमेल, त्यानंतरचे संशयास्पद फोन व संदेश यांची तारखेसह नोंद आणि बँकेची विवरणपत्रे दोन्ही परिस्थितींत जपून ठेवा.

सहीआधी ते पत्र खरे आहे का, हेही तपासाच, कारण फुटलेल्या याद्या हाती आलेले भामटेच भरपाईच्या नावाने संपर्क साधतात. पत्रातल्या दुव्यावर न जाता वकील संस्थेची नोंदणी आणि दाव्याचा क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः शोधा. नाव नोंदवायला आगाऊ शुल्क किंवा ओटीपी मागितला, तर पुढे एक अक्षरही भरू नका.