मनातला मत्सर पाप कसा? आणि देव क्षमा करणारच असेल, तर त्याच्याशी झगडायचं कशाला?

तुमचा प्रश्न असा : ऑफिसात बरोबरीच्या सहकारी बाईंना बढती मिळाली. तुम्ही पेढा खाल्लात, अभिनंदन केलंत, पण आत जो जळफळाट झाला तो अजून शमलेला नाही. तुमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, हेही पापच. मग कुणाचं काहीच बिघडवलं नाही तरी पाप कसं? तुमचा देव दयाळू आहे, क्षमा करतोच, तर एवढं मनाला लावून का घ्यायचं? आणि त्या बाईंची माफी मागावी का?

मी अहिल्यानगरच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. पाळक नाही, पण आमच्या बायबल वर्गात हे प्रश्न सारखे निघतात आणि मला ते फार महत्त्वाचे वाटतात.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. विचार मनात आला म्हणजे पाप घडलं, असं ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. येशूला स्वतःला अरण्यात चाळीस दिवस मोह झाला, आणि बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं, तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस नावाच्या साधूने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. ते विचार यावेत की नाहीत हे आपल्या हातात नाही, पण त्यांनी आत मुक्काम करावा की नाही हे आहे, असं तो सांगतो. गंमत म्हणजे त्याच्या यादीत मत्सर नाही. तो पुढे सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी घातला, आणि आज सगळ्यांना माहीत असलेली सात महापापांची यादी त्यांच्याच यादीवरून पुढे तयार झाली.

तेव्हा बढतीची बातमी ऐकताच पोटात जे कालवलं, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण त्यानंतर आपण त्या भावनेला बसायला पाट देतो. बाई वरिष्ठांच्या पुढेपुढे करायच्या, हे आठवायला लागतं. त्यांची एखादी चूक निघाली की बरं वाटतं. येशू डोंगरावरच्या प्रवचनात खुनाच्या आज्ञेचं मूळ रागात दाखवतो आणि व्यभिचाराच्या आज्ञेचं मूळ वासनेने पाहण्यात, तेव्हा त्याचा रोख या पोसलेल्या वृत्तीवर असतो. याकोबाच्या पत्रात हाच क्रम आहे : वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला.

बायबलमधला पहिला खून मत्सरातूनच होतो. काइन आणि हाबेल हे सख्खे भाऊ. हाबेलाचं अर्पण देवाला आवडलं, काइनाचं नाही, आणि काइनाचं तोंड उतरलं. पुढे काइनाने हाबेलाला मारलं हे सगळ्यांना आठवतं, पण मधली ओळ लोक वाचून सोडून देतात. खून होण्याआधी देव स्वतः काइनाशी बोलायला येतो. तू का संतापलास, तुझं तोंड का उतरलं, असं विचारतो. पाप दाराशी टपून बसलंय, पण तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस, असं बजावतो. अजून गुन्हा घडलेला नाही, फक्त चेहरा पडलाय, आणि तेवढ्यावर देव धावून आला. ‘कृती केली नाही तर पाप कसलं’ याचं माझं उत्तर इथे आहे. देवाला आपल्या मनातलं कळतं ही बाब मला धाक म्हणून कधी वाटली नाही. आपण वाया जाण्याआधीच कुणाला तरी आपली काळजी लागते, असंच मला तिथे दिसतं. काइनाने ऐकलं नाही. तरीही त्याला कुणी मारू नये म्हणून देवाने त्याच्यावर खूण केली.

तुमच्या बढतीच्या प्रसंगाला अगदी लागू पडणारा येशूचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, विसाव्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून मजूर लावतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी काहींना घेतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, मी तुझ्यावर अन्याय केला नाही, ठरलेली मजुरी तुला मिळाली. मी उदार आहे म्हणून तुला हेवा वाटतो का? मला हा प्रश्न अख्ख्या शुभवर्तमानातला सगळ्यात अडचणीचा वाटतो. कारण त्यात मत्सराची नस सापडते : दुसऱ्यावर झालेली कृपा आपल्याला सहन होत नाही. येशूच्याच उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पैसा उडवून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो. थोरला भाऊ याच कारणाने अंगणात उभा राहतो, घरात धाकट्यासाठी पंगत चालू असताना. त्याने कुठलीच आज्ञा मोडलेली नसते. बाप बाहेर येऊन त्याचीही विनवणी करतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही.

(तुमच्या ऑफिसात खरोखर अन्याय झाला असेल, तर ती वेगळी गोष्ट. बायबलमधली स्तोत्रसंहिता, म्हणजे प्रार्थनागीतं, तक्रारींनी भरलेली आहे, देवापुढे आणि रीतसर वरिष्ठांपुढेही दाद मागा. त्याला मत्सर म्हणून गप्प बसू नका.)

आता क्षमेचं. ‘कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का?’ हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस पत्रात स्वतःच विचारून ‘कदापि नाही’ म्हटलंय, म्हणजे तुमची शंका पहिल्या शतकातली आहे. माझं म्हणणं इतकंच की मत्सराच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहत नाही. मला फुकट दया मिळाली हे मनापासून पटलं, तर दुसऱ्याला काही जास्त मिळाल्याचा सल आपोआप सैल होतो. सल तसाच घट्ट असेल, तर दया अजून कानापर्यंतच पोहोचली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, पण पुढे काही वर्षांनी आपल्याला कळलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलंय. इतक्या मोठ्या बाईंना वेळ लागला, तर तुम्हीआम्ही घाई का करावी?

आधी मन स्वच्छ करू आणि मग देवासमोर जाऊ, हा क्रम मात्र उलटा आहे. येशूच्या आणखी एका दाखल्यात मंदिरात दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदार फक्त ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ म्हणाला, आणि येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. उपासांचा आणि दशांशाचा (देवाला दिलेल्या दहाव्या हिश्श्याचा) हिशेब मांडणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, नव्हे. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापं कबूल करत बसायचे, तरी समाधान होत नसे. त्यांचे वरिष्ठ श्टाउपिट्झ त्यांना स्वतःला कोरणं सोडून ख्रिस्ताकडे पाहायला सांगत. नको असलेले विचार पुन्हापुन्हा येऊन झोप उडत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावं, त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

करायचं काय? त्या बाईंचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांचं नवं काम चांगलं व्हावं म्हणून. सुरुवातीला शब्द कोरडे वाटतील, तरी म्हणा. विश्वासातल्या एका माणसाला हे सांगून टाका. कॅथलिक बांधव धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतात, आम्ही प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, स्वतःची परीक्षा करतो. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी तुमची मैत्रीण आहेच.

आणि त्या बाईंची माफी? नको. त्यांना काहीच ठाऊक नाही. तुम्ही जाऊन ‘मला तुमचा हेवा वाटत होता’ म्हणालात, तर तुमचं ओझं उतरेल आणि त्यांच्या डोक्यावर चढेल. मात्र या काळात त्यांच्याबद्दल तुम्ही कुणाजवळ वेडंवाकडं बोलला असाल, तर ज्यांच्याजवळ बोललात त्यांच्याकडे जा आणि ‘मी ते जळून बोलले, खरं धरू नका’ एवढं सांगा.