स्पर्धकांच्या रील्स बघताना

तुमच्याच धंद्यातल्या इतरांच्या रील्स बघून स्वतःच्या बनवायला सुरुवात करताय म्हणून आधीच सांगते: सगळ्यात जास्त व्ह्यूज असलेली रील बघून लगेच तशीच करायला घेऊ नका. मोठ्या अकाउंटला लाखभर व्ह्यूज रोजचेच असतात. त्या अकाउंटच्या शेवटच्या वीस-तीस रील्स चाळा आणि त्यांच्या नेहमीच्या आकड्याच्या चार-पाच पट चाललेल्या तेवढ्याच बाजूला काढा. यूट्यूबवर चॅनेलच्या शॉर्ट्स टॅबमध्ये ‘लोकप्रिय’ असं लावलं की हे पटकन होतं.

मग प्रत्येक व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा. पहिल्या तीन सेकंदांत पडद्यावर काय आहे? चेहरा, हातातली वस्तू, की मजकूर? मजकूर असेल तर जसाच्या तसा एका एक्सेल शीटमध्ये उतरवून ठेवा.

खरा खजिना मात्र कमेंट्समध्ये असतो, आणि नवखे नेमकं तेच वाचत नाहीत. “धुतल्यावर रंग जातो का?” असं पाच जणांनी विचारलंय आणि उत्तर कुणीच दिलेलं नाही? तुमचा पुढचा व्हिडिओ तयार आहे.

मेटाची अ‍ॅड लायब्ररीही उघडा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालू असलेल्या जाहिराती शोधायची जागा; फुकट आहे. जाहिरात कधी सुरू झाली ते तिथे दिसतं. दोन-तीन महिने चालू ठेवलेली जाहिरात बहुधा पैसे वसूल करत असते. क्लिप मात्र कुणाचीही उचलू नका. कॉपीराइटची तक्रार आली की व्हिडिओ काढला जाऊ शकतो.