एफडी मोडून नृत्योपचाराचं पॅकेज घ्यावं का?

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न: पती व्यसनमुक्ती केंद्रातून तीन महिन्यांपूर्वी घरी आले, दारू बंद आहे, पण अजून कामावर जात नाहीत. समुपदेशकांनी नृत्य-हालचाल उपचार, म्हणजे शरीराच्या हालचालींतून मनावर केला जाणारा उपचार, सुचवलाय. गंगापूर रोडवर ४८ सत्रांचं पॅकेज ६०,००० रुपये, सगळे आगाऊ. सुटं सत्र १,५००, गटात ६००. ताईंचा पगार ३१,०००, घरखर्च २७,०००, गाठीशी २ लाखांची एकच एफडी.

ताई, उपचार जरूर सुरू करा, एफडीला मात्र हात लावू नका.

पॅकेजमध्ये सत्र १,२५० ला पडतं, पण ४० सत्रांच्या आत तुमचे पती थांबले तर सुटी सत्रंच स्वस्त पडली असती. पहिल्या वर्षात खाडे होतात, पाय पुन्हा घसरूही शकतो. त्यात त्यांचा दोष नाही, हा आजारच तसा आहे. पुन्हा दाखल करायची वेळ आली, तर बहुतेक आरोग्य विम्यांत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. तेव्हा हीच एफडी कामाला येईल.

गटात आठवड्याला एक सत्र घ्या. महिन्याला २,४०० होतात, तुमच्या ४,००० च्या शिल्लकीत बसतात. गट म्हणजे कमी दर्जा, असं समजू नका. तलफ आधी अंगात जाणवते: जबडा आवळतो, छाती धडधडते, पाय एका जागी ठरत नाहीत. ते वेळीच ओळखायचं, पावलं जमिनीवर रोवून, श्वास लांबवत ती लाट ओसरू द्यायची, हे तिथे शिकवतात. समोरच्याची हालचाल आरशासारखी करण्याचा सराव तर चारचौघांतच खुलतो. नाच यायलाच हवा असं नाही.

आठ सत्रांनंतर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून पुढचं ठरवा. हा उपचार औषधांना पर्याय नाही. कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथे जाणं थांबवा. आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्या: अनेक वर्षं प्यायल्यावर काहींचे तळपाय बधिर होतात. सत्रं बरेचदा अनवाणी असतात, तोल जाऊ शकतो. तसं असेल तर खुर्चीत बसून सुरुवात करायला सांगा.

फी प्रत्येक सत्रानंतर, तुमच्याच यूपीआयवरून द्या. त्यांच्या हाती रोख नको. मध्येच मोठी गरज पडली तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, मिळतो, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. मुदत संपली की ५०,००० च्या चार एफडी करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल.