मेणबत्तीला वास का येईना, आणि मॅटीवरचं गोपूर

दिवाळी जवळ आली की मेणबत्ती आणि क्रॉस स्टिच दोन्हीचे प्रश्न एकदम येतात. सारखे होते ते एकत्र केलेत, बाकीचे घेते एकेक.

निपाणीच्या एक ताई विचारतात: सोया वॅक्समध्ये (सोयाबीनच्या तेलाच्या मेणात) मोगऱ्याचं सेंट घातलं. बाटली उघडली की घरभर वास, पण मेणबत्ती पेटवल्यावर नाक जवळ नेलं तरी काही नाही. अजून घालू का?

नको हो ताई, आधी किती घातलंय ते सांगा. "दोन झाकणं" हे माप नव्हे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि मेण पण वजनावर, सेंट पण वजनावर. सोयाला साधारण ६ ते ८ टक्के बास होतं, म्हणजे २०० ग्रॅम मेणाला ८ टक्क्यांनी १६ ग्रॅम. त्याच्यावर गेलात की मेण ते धरत नाही, वर तेलाचे थेंब दिसतात आणि पेटवल्यावर काजळी धरते.

दुसरं, ते सेंट कुठलं? अंगावर मारायचा स्प्रे असेल तर त्यात अल्कोहोल असतं, गरम मेणात ते घालायचंच नाही, भडका उडू शकतो. गुलाबपाण्याचं पण तेच, पाणी आणि मेण एक होत नाही. मेणबत्तीसाठी म्हणून मिळणारं फ्रेग्रन्स ऑइलच घ्या. अत्तर महाग, आणि जाळल्यावर त्याचा वास कसा होईल याचा भरवसा नाही.

आता खरं कारण सांगते, दहातल्या सात जणींचं हेच असतं. वात बारीक! वास वातीतून येत नाही, वातीभोवती जे मेण वितळून तळं होतं ना, त्यातून उडतो. तीन इंच रुंद ग्लासात वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी वात घातली तर मधे नुसता खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण तसंच राहतं, मग वास येणार कुठून? ग्लासाच्या रुंदीप्रमाणे वात घ्या, आणि पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका, इंचाला एक तास असा हिशोब धरा, म्हणजे तीन इंचाला तीन तास. सलग चार तासांच्या वर मात्र जाळू नका. दर वेळी पेटवायच्या आधी वात कापून पाच-सहा मिलिमीटर ठेवायची.

आणि घाई! सोयात सेंट ८० ते ८५ डिग्रीला घालून दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, नंतर थोडं निवल्यावर ओतायचं, आणि झाकण लावून आठ-पंधरा दिवस ठेवून द्यायचं. रात्री ओतून सकाळी पेटवली तर वास कमीच येणार. लोणचं कसं मुरवतो तसं समजा.

खानापूरहून: पावसाळ्यात केलेल्या मेणबत्त्या तडतडतात आणि वर पांढरे डाग पडलेत. मेण खराब आहे का?

मेण खराब नाही. पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसते ते सोयाचे स्फटिक, जळायला काही फरक पडत नाही. तडतड मात्र पाण्याची. तुमच्याकडच्या पावसात वाती डब्यात घट्ट झाकून ठेवा, आणि मेण वितळवताना खालच्या पातेल्यातलं पाणी वर उडतंय का ते बघा. ग्लास धुऊन लगेच मेण ओतत असाल तर तेही बंद करा, कोरडा पुसून घ्या. पॅराफिन वापरत असाल आणि मधे खड्डा पडत असेल तर ते वेगळं, थंड होताना मेण आकसतं, थोडं मेण बाजूला ठेवून वरून भरायचं.

मेण थेट गॅसवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवूनच वितळवा. तरी पेट घेतलाच तर पाणी अजिबात मारायचं नाही, झाकण ठेवून गॅस बंद. हे सगळ्यांसाठी, फक्त खानापूरसाठी नाही.

शहापूरच्या एक काकू: सासूबाईंच्या काळ्या चंद्रकळेवर कसुतीचं भरतकाम आहे, गोपूर, रथ, तुळशीवृंदावन. तसंच मॅटीवर (फुल्या भरायच्या चौकटीच्या कापडावर) क्रॉस स्टिचमध्ये करून फ्रेम करायचंय. जमेल का?

काय सुंदर प्रश्न आहे काकू! जमतंय की. आणि इंटरनेटवरचे ससे आणि बर्फातली घरं भरण्यापेक्षा हे शंभरपट चांगलं, आपल्या बेळगाव-धारवाडकडचंच काम आहे.

कसुतीतपण छापा मारत नाहीत, कापडाचे धागे मोजूनच टाका घालतात, म्हणून ती ग्राफवर सहज उतरते. तिच्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाकाच. पण गोपुराच्या नुसत्या रेघा बहुतेक गवंतीच्या असतात, धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या, त्यामुळं उलट्या बाजूनंपण तीच नक्षी दिसते, गाठ कुठं दिसत नाही. साडी उलटी करून बघा, कळेल. तर सगळं फुल्यांनी भरायला जाऊ नका, गोपूर जाड आणि ठोकळ्यासारखं दिसेल. रेघा गवंतीनं काढा, आणि भरीव भाग, म्हणजे रथाची चाकं, वृंदावनाचा पाया, तेवढे फुल्यांनी.

साडीचा फोटो काढा आणि चौकटीच्या वहीत उतरवून घ्या. समजा नक्षी ८४ घरं रुंद आणि १२६ घरं उंच आली, तर १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर घरांना १४ नं भागायचं, ६ बाय ९ इंच. चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडा, म्हणजे कापड १२ बाय १५. आमच्या बाजारात जी मॅटी मिळते ती बऱ्याचदा जाडी असते, दुकानात पट्टी लावून एका इंचात किती घरं येतात ते मोजूनच घ्या, ११ आली तर तेच गोपूर साडेसात इंचांच्या वर जातं. दोरा सहा पदरी असतो, त्यातले १४ काउंटला दोन पदर, रेघांना एकच. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला, नाहीतर उजेडात ठिगळं दिसतात. मधोमध घडी घालून तिथून सुरू करा.

रंग? काळ्या मॅटीवर डोळे जातात, खरंच. पांढऱ्या किंवा बदामी कापडावर कुंकवाचा लाल, मोरपंखी आणि हळदीचा पिवळा घ्या. नेटवरच्या नमुन्यात डीएमसी कंपनीच्या दोऱ्याचे नंबर असतात आणि आपल्याकडे अँकर कंपनीचा मिळतो, काळा म्हणजे डीएमसी ३१०, अँकरमध्ये ४०३. बाकी रंग तक्त्यावरून मिळतात पण हुबेहूब नसतात, लडी हातात घेऊन ठरवा. सासूबाईंच्या साडीवर मात्र नवीन टाका घालू नका.

चिकोडीची एक मुलगी: ताई, मैत्रिणीच्या लग्नात गिफ्ट म्हणून मेणबत्ती देणार आहे, ग्लासाला भोवती क्रॉस स्टिचची पट्टी बांधू का?

बांध, पण बटणावर, म्हणजे पेटवायच्या आधी काढता येईल. ग्लास तापतो आणि कापड आहे ते. त्यापेक्षा पट्टी डब्याच्या झाकणावर लाव, नंतर दागिने ठेवायला होईल तिला. ग्लास जाड घे, चहाचा कटिंगचा ग्लास तडकतो. थीम म्हणशील तर आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याचा बुरूज भर, रेघा सोप्या आहेत, आणि वास चंदन नाहीतर मोगरा. बेळगावच्या कुंद्याच्या, त्या मिठाईच्या वासाची मेणबत्ती करू नकोस गं, पाहुणे खायला मागतील.

एक शेवटचा, बेळगावातूनच: भरलेल्या कापडावर मेण सांडलं.

चोळू नका. कडक होऊ दे, बोथट चमच्यानं वरचं खरवडा. मग खाली-वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागदानं मेण ओढलं की कागद बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रंगीत मेण असेल तर डाग थोडा राहील, आणि रेशमी दोरा असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा.