पान न् पान रंगवू नका

प्रश्न : जलरंगात निसर्गचित्र करताना झाडं, झुडपं, दगड सगळंच बारकाईनं रंगवलं जातं आणि चित्र गिचमिड होतं. आकार सोपे कसे करायचे?

उत्तर : तपशील नंतर गाळायचा म्हटलं की जमत नाही, तो सुरुवातीलाच येऊ देऊ नका. डोळे किलकिले करून दृश्य पाहा. पानं नाहीशी होतात, उजेड आणि सावली एवढंच उरतं. आता ५ × ७ सेंटीमीटरच्या चौकटीत ६बी (मऊ, गडद) पेन्सिल आडवी धरून फक्त ३ छटांत रेखाटन करा : कोरा कागद, मध्यम, गडद. चौकटीत एकूण ५ ते ७च आकार ठेवा. टोकदार पेन्सिल घेतलीत की हात लगेच फांद्या काढू लागतो.

शेजारच्या सावल्या जोडून टाका. झाडाची सावलीची बाजू, खोड आणि जमिनीवरची सावली मिळून एकच आकार होतो. नवशिके प्रत्येक वस्तूभोवती रेषा ओढतात, तिथेच चित्राचे तुकडे पडतात. सगळे आकार सारख्याच मापाचे झाले तरी चित्र निर्जीव दिसतं. एक आकार ठळकपणे मोठा हवा.

झाड ओळखू येतं ते कडेवरून. त्यामुळे कड वेडीवाकडी ठेवा, आत सपाट रंग. पानांमधून दिसणारं आकाश दोन-तीन ठिकाणीच दाखवा, तेही मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद. नाहीतर झाडाला भोकं पाडल्यासारखं वाटतं.

रंगवताना मोठा चपटा ब्रश घ्या आणि रंग भरपूर कालवून ठेवा. मध्येच संपला, तर अर्धवट सुकलेल्या भागावर पाणीदार रंगाचा हात फिरतो आणि डाग फुटतात.