नो क्लेम बोनस वाचवताय, पण विमा कुठे आहे?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांचं पत्र, थोडं कमी करून:

"वय 38, पत्नी गृहिणी, दोन मुलं. पगार हातात 68 हजार. भाद्रपदातल्या मोठ्या पावसात तितूर नदीच्या फरशी पुलावर पाणी असताना गाडी काढली. बंद पडली नाही, पलीकडे निघाली. पण दुसऱ्या दिवसापासून मिसिंग मारते, उचलत नाही, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल, 90 हजार. शोरूमने तीन वर्षांचा विमा काढून दिलेला आहे (दसरा 2023), पण क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाईल. म्हणून पत्नीचं सोनं गहाण ठेवून काम करून घ्यावं म्हणतो. बँकेत 40 हजार आहेत. बाकी बचत बँकेच्या हमी योजनेत आहे, वर्षाला 1 लाख 20 हजार, 8 टक्क्यांनी. ती मोडायची नाही. माझा विचार बरोबर आहे का?"

सर, आधी तुमच्याच प्रश्नाचं उत्तर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता साधारण 12 हजार धरू. दोन वर्षं क्लेम नसेल तर बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 25 टक्के, म्हणजे 3 हजार. 3 हजार वाचवायला 90 हजारांचं सोनं गहाण? हा हिशेब तुमच्या सातवीच्या वर्गातलं पोरगंही खोडून काढेल.

पण तो हिशेब करायचीही गरज नाही. तुम्ही पत्रासोबत पॉलिसीचा फोटो पाठवलाय, तो मी मोठा करून वाचला. तीन वर्षांचा आहे तो थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही केलं तर. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तो तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्याच कागदावर, खालच्या ओळीत, फक्त एका वर्षाचा आहे. तो ऑक्टोबर 2024 मध्ये संपला. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही की नो क्लेम बोनसही जातो. तुमचा जानेवारीतच गेला. म्हणजे जो बोनस वाचवायला सोनं काढणार होतात तो नाही, आणि ज्यावर क्लेम करणार नव्हतात तो विमाही नाही. वर्षभर तुम्ही स्वतःच्या नुकसानीच्या विम्याशिवाय गाडी चालवलीत, तीही अशा तालुक्यात जिथे 2021 च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने काय केलं हे प्रत्येकाने पाहिलंय.

तो विमा चालू असता तरी इंजिनात शिरलेल्या पाण्याचं सगळं मिळालंच असतं असं नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. वॉरंटीचा आधार धरू नका, पुराचं पाणी तिच्यात येत नाही.

आता ते 90 हजार. मी मेकॅनिक नाही, म्हणून जळगावच्या माझ्या नेहमीच्या मिस्तरींना फोन लावला. पत्र वाचून दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: "पाण्यात बंद पडली होती का?" नाही म्हटलं. "मग इंजिन खोलायची एवढी काय घाई आहे भो?"

त्यांचं म्हणणं असं. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि गाडी बहुधा तिथेच, पाण्यातच थांबते. तुमची स्वतःच्या जोरावर पलीकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू झालं. यात जास्त संशय इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी पुरवते ती), प्लगच्या खोबणीत साचलेलं पाणी किंवा वायरिंगच्या एखाद्या कनेक्टरचा. एअर फिल्टर उघडून बघा, कोरडा असेल तर अर्धी भीती गेली. ऑइलची पट्टी काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नका. मग स्कॅनर लावून कोणत्या सिलिंडरचा कोड येतो ते बघायचं, त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर बसवायची. कोड कॉइलच्या मागे गेला तर चोर सापडला. तसा नाही गेला तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. एकात दाब फारच कमी निघाला तर इंजिन खोलण्याची चर्चा, त्याआधी नाही. या सगळ्या तपासणीचे दोन-तीन हजार. कॉइल, प्लग, ऑइल, फिल्टर मिळून फार तर 12-15 हजार. तेवढे तुमच्या 40 हजारांत आहेत.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा: दिवा लुकलुकत असताना शाळेला गाडी नेणं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो जातो. मग खर्चाचा आकडा खरोखरच गॅरेजवाल्याच्या जवळ पोहोचेल.

गाडीचं झालं. खरं दुखणं तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे, आणि त्याबद्दल तुम्ही मला काही विचारलंच नाहीये.

"बँकेची हमी योजना, 8 टक्के." सर, ती बँकेची नाही, विमा कंपनीची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. मार्च 2024 मध्ये बँकेतल्या मॅडमनी काउंटरवर "एफडीसारखंच आहे" म्हणून दिली. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दोन रकाने आहेत, 4 टक्के आणि 8 टक्के. हे दर म्हणजे कंपनी गुंतवणुकीवर किती कमावेल याचं नुसतं गृहीतक. तुमच्या हातातला परतावा नाही, आणि 8 ची हमी तर त्याच कागदावर नाकारलेली आहे. तुम्ही दहा वर्षं 1.20 लाख भरणार, पंधराव्या वर्षाअखेर 8 च्या रकान्यात 21 लाख. याचा खरा परतावा साधारण 5.4 टक्के. 4 च्या रकान्यात 15 लाख, तो दोन टक्क्यांच्या किंचित वर. एवढं तर बचत खात्यातही मिळालं असतं.

आणि कव्हर, म्हणजे तुमच्या मागे घरच्यांना मिळणारी रक्कम? 12 लाख. तुमचा दीड वर्षाचा पगार. त्यातून गाडीचं बाकी कर्ज 5.60 लाख वजा केलं तर घरच्यांना नऊ-दहा महिने पुरेल एवढं. दोन लहान मुलांच्या बापाला हा विमा कोणी विकला तर त्याला विमा म्हणू नये. (कर वाचतो म्हणून घेतली, असं तुम्ही फोटोखाली लिहिलंय. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत करच नाही. तुमचा एकूण पगार 9 लाखांच्या आत. वाचवायचा कोणता कर?)

आमच्याकडे रावेर-यावलचा केळीवाला फळपीक विमा काढतो तेव्हा तापमान किती अंशाला, सलग किती दिवस, म्हणजे पैसे मिळतात हे त्याला विचारून बघा, कागद न बघता सांगेल. तुमच्याकडे दोन पॉलिसी, दोन्ही दुसरंच काहीतरी घ्यायला गेला असताना हातात दिलेल्या, आणि एकीचीही तारीख तुम्हाला माहीत नाही. रागावलोय असं समजू नका. म्हणजे, थोडा रागावलोय, पण तुमच्यापेक्षा त्या काउंटरवर जास्त.

काय करायचं? दोन हप्ते गेले, 2.40 लाख. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर भरलेल्या हप्त्यांचे हमीचे 30 टक्के, सुमारे 72 हजार मिळतील. कंपनीकडून विशेष सरेंडर मूल्य लेखी मागवा, थोडं जास्त असू शकतं. 1.68 लाख बुडाले हे बघून पोटात गोळा येईल. तरी पुढचं बघा. हे 72 हजार आणि उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी ठेवले, तर त्याच तारखेला 20 लाखांच्या थोडे वर होतात. पॉलिसीत 15 ते 21. म्हणजे कंपनीचा उत्तमातला उत्तम रकाना खरा ठरला तरच तुम्ही जेमतेम अर्ध्या लाखाने पुढे. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, हे खरं. सोबत टर्म विमा (बचत नाही, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) घेऊन त्याचा हप्ता वजा केला तर आकडा आणखी खाली येतो, हेही खरं. पण मग कव्हर 12 लाखांऐवजी 1 कोटी असतं. मी मोडेन.

मात्र आधी 1 कोटीचा टर्म विमा घ्या, पॉलिसी हातात येऊ द्या, मगच सरेंडरचा अर्ज. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, साधारण 15 ते 20 हजार वर्षाला. सप्टेंबर 2025 पासून व्यक्तिगत आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर खरं लिहा. शाळेच्या मस्टरवर जसं लिहिता तसं.

सरेंडरचे 72 हजार पीपीएफमध्ये लगेच टाकू नका. ते आणि बँकेतले उरलेले मिळून लाखभर अडचणीचे म्हणून वेगळे ठेवा. एवढ्या पगारावर 40 हजार शिल्लक, म्हणून तर एका कॉइलसाठी वहिनींच्या सोन्यापर्यंत गोष्ट गेली.

गाडी दुरुस्त झाली की स्वतःच्या नुकसानीचा विमा इंजिन प्रोटेक्शनसकट घ्या. मध्ये खंड पडलाय, त्यामुळे कंपनी तपासणी करेल, पुराची गोष्ट लपवू नका.

सोन्याचं आत्ता राहू द्या. कॉम्प्रेशनचे चार आकडे आले की मला कळवा. खरंच एका सिलिंडरचा दाब पडलेला निघाला, तर दुसऱ्या गॅरेजचा अंदाज घेऊन मग तारणाचं बोलू.