गाणं सुरात येतं, मन येत नाही

प्रश्न : बाई, सप्रेम जय ख्रिस्त. मी बावीस वर्षं आमच्या मंडळीच्या गायनवृंदात तबला वाजवतो. अलीकडे उपासनेत माझं मन लागत नाही. ओठ गातात, हात वाजवतात आणि डोक्यात दुकानाचा हिशेब चालू असतो. पूर्वी प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी डोळे भरून यायचे, आता काहीच होत नाही. गावात एक नवी संगती, म्हणजे उपासनेचा नवा गट, सुरू झाली आहे. तिथे ड्रम, गिटार असतं, लोक हात वर करून रडतात. बायको म्हणते, तिकडे जाऊन बघू. मी ढोंगी झालोय का? उपासना खरी व्हावी म्हणून काय करू? (घरात थोडा ताण आहे. वडिलांच्या जमिनीवरून थोरल्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. पण तो वेगळा विषय.)
– एक सभासद, श्रीरामपूर तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात घातलात. 'तो वेगळा विषय' असं लिहिलंत. माझ्या मते तोच विषय आहे. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. मीसुद्धा एक गोष्ट चार वर्षं अशीच कंसात ठेवली होती.

आई गेली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. शेवटच्या आजारपणात तिने मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्या पाटल्या धाकटीला दे." धाकटीचं लग्न घाईत झालेलं, तिच्या अंगावर काही घालता आलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. आईला माती देऊन आलो आणि पाटल्या माझ्या कपाटात राहिल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तिच्याच लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या. आधी म्हटलं, पाहुणे पांगू देत. मग मनात आलं, औषधपाण्याचा खर्च तर सगळा मीच केला. मग मुलाची फी निघाली. धाकटीने कधी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

त्या चार वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. नगरच्या आमच्या मंडळीत पेटी मीच वाजवायची, महिला मंडळात शास्त्रातलं वचनही मीच सांगायची. आणि तुमच्यासारखंच माझंही मन कोरडं पडलं होतं. मला वाटायचं चाली जुन्या झाल्यात. वाटायचं, पाळकसाहेब उपदेश लांबवतात. मी पेटी बदलून घ्यावी म्हणून कमिटीकडे अर्जसुद्धा केला होता.

मग एका बुधवारी महिला मंडळासाठी बायबलातल्या लेवीयाचा सहावा अध्याय वाचत बसले होते. तिथे लिहिलंय की, शेजाऱ्याची ठेव कुणी दाबून ठेवली, तर ती पूर्ण परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, ज्याची आहे त्याच्या हाती द्यावी, आणि दोषार्पण, म्हणजे चुकीबद्दलचा यज्ञ, आणावं. ठेव हा शब्द वाचला आणि मला पुढचं दिसेना. मी वही मिटली. पाटल्या चार तोळ्यांच्या. पाचवा हिस्सा म्हणजे पाऊण तोळ्याच्या जरा वर. माझी अंगठी आणि कानातल्या कुड्या मिळून जवळपास तेवढं भरत होतं.

शनिवारी संगमनेरची एसटी धरली. धाकटी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानेच तिने फडकं सोडलं. एका पाटलीला आतून पांढरा दोरा गुंडाळलेला होता. शेवटी शेवटी आईच्या मनगटातून पाटल्या गळून पडायच्या, म्हणून तिने तो गुंडाळला होता. चार वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता, कारण फडकं सोडायचा मला धीर झाला नव्हता. धाकटीने त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. आईने मलाही सांगितलं होतं."

म्हणजे चार वर्षं, दर नाताळाला ती नगरला यायची, बाकावर माझ्यामागे बसायची, आणि मी पेटीवर 'स्तुती करू' वाजवताना माझ्या हातांकडे बघत असायची. कुड्या-अंगठी तिने ठेवून घेतल्या, "राहू दे गं" म्हणाली नाही. त्याबद्दल मी आजही तिचे उपकार मानते. ती "राहू दे" म्हणाली असती तर मी त्या परत घेऊन आले असते. पुढचं वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग हळूहळू बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ, डोळे भरून आले नाहीत. तीच पेटी, तोच फाटका भाता. पण पाळकसाहेब पापांगीकाराची प्रार्थना म्हणत होते त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू आला. चार वर्षं मी त्या वेळात पुढच्या गीताचं पान शोधत असे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यातलं अंतर लक्षात येत नाही. प्रभू हे गालीलात बोलतोय आणि वेदी होती यरुशलेमेत. ऐकणाऱ्यांना ती तीन-चार दिवसांची पायवाट, म्हणजे आपल्या नगरहून पुण्याला चालत जाण्याएवढी. दान म्हणून आणलेलं जनावर वेदीपाशी सोडून एवढं परत चालायचं, भावाचं दार वाजवायचं आणि पुन्हा एवढंच चालत यायचं. आठवडा मोडला. देव आठवडाभर थांबायला तयार आहे, भावाला मात्र थांबवू नको म्हणतो.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. तिथे 'तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर' असं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. चूक कुणाची, हे ठरवायला प्रभू आपल्याला तिथे थांबवत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. व्हॉट्सॲपवर वचन पाठवू नका. भावकीतला मध्यस्थही नको. स्वतः जा, शक्यतो संध्याकाळी, तो शेतावरून आल्यावर. त्याचं काय चुकलं ते बोलू नका. तुमचं जे चुकलं असेल तेवढंच बोला, मग ते मोजणीच्या दिवशी तोंडून गेलेला एक शब्द का असेना. जमिनीचा हक्क सोडा असं मी म्हणत नाही. वाटणी, सातबारा, तलाठी, कोर्ट ते त्यांच्या वाटेने चालू द्या. दोन भाऊ तारखेला एका एसटीने जाऊ शकतात. त्याने दार लावून घेतलं तर? घेऊ द्या. तुमचं जाणं झालं.

नव्या संगतीबद्दल. ड्रमला माझा विरोध नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना इंग्रजी चालीतली भाषांतरित गाणी गळ्यात बसत नव्हती, तेव्हा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगात, मायबोलीत गाणी रचली. त्यांची शेकडो पदं आपण आजही गातो. पोरांना गिटारवर गावंसं वाटलं तर गाऊ द्या. पण तुम्ही या कोरडेपणावर औषध म्हणून तिकडे जाणार असाल, तर आधी भावाकडे जाऊन या.

आणि हेही खरं, की प्रत्येक कोरडेपणामागे पाप असतंच असं नाही. आमचे हे गेले, त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला प्रार्थनेत एक वाक्य सुचत नसे. त्या वेळी मी कपाटं धुंडाळली, काही दडवलेलं नव्हतं. ते दुःख होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखातच संपतं, शेवटी उजाडत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा मी फक्त पेटी वाजवत राहिले. तुमच्या भावाशी बोलून झाल्यावरही मन कोरडंच राहिलं, तर तबला वाजवत राहा. ते ढोंग नव्हे.


प्रश्न : मी पुण्यात नर्स आहे, वय २६. आमच्या संगतीचे पुढारी सांगतात की, त्यांची आज्ञा पाळणं म्हणजेच देवाची आज्ञा पाळणं. मला बंगळूरला चांगली नोकरी मिळतेय, पण त्यांनी 'नाही' म्हटलंय. पगाराची स्लिपही दाखवावी लागते. प्रश्न विचारला तर पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय काढतात : बंडखोरी ही जादूटोण्याइतकीच पापी. मी देवाचा अपमान करतेय का?

उत्तर : बाळ, तोच अध्याय आज रात्री पहिल्या ओळीपासून वाच. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे त्यात आहे, आणि ते मला फार प्रिय आहे. पण ते कुणाला सांगितलंय? मंडळीतल्या एखाद्या पोरीला नाही. शौल राजाला, म्हणजे पुढाऱ्याला! शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, अशी देवाची आज्ञा होती. त्याने त्यांची चांगली चांगली मेंढरं ठेवून घेतली, वर म्हणाला, देवाला यज्ञ करायला ठेवलीत. शमुवेल संदेष्टा विचारतो, मग ही मेंढरं ओरडताना मला ऐकू येतायत ती कसली? त्या अध्यायात आज्ञा मोडणारा हा गादीवरचा माणूस आहे, आणि मोडलेली आज्ञा देवाची आहे. तुझे पुढारी ते वचन उलट्या बाजूने धरतायत.

पुढाऱ्यांचा मान राखावा, त्यांचं ऐकावं, हे इब्री लोकांस पत्रात आहेच, मी ते झाकून ठेवणार नाही. माझ्या पाळकसाहेबांनी मला दोनदा कानपिचक्या दिल्यात, दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. पण ते वचन उघडून दाखवून बोलले, आणि माझी पगाराची स्लिप त्यांनी कधी मागितली नाही.

पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या सिस्टरांनी त्यांना आईच्या मायेने सांभाळलं, त्यांचीच अपेक्षा होती की, चर्च शिकवतं ते रमाबाईंनी निमूट मान्य करावं. रमाबाईंनी प्रत्येक मुद्द्यावर पत्रं लिहिली, वाद घातला. एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवून आले ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन येत नाही, संस्कृत घाला, इथपर्यंत! तेव्हा पुष्कळांना त्या उद्धट वाटल्या. आणि याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात हाताशी पैसा नसताना मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून घेऊन आल्या. स्वतः तरुणपणी दुष्काळातच आई-वडील गमावलेले. त्या मुली जेवायला बसल्या, ती रमाबाईंची आज्ञाधारकता. शाळेत असताना वडिलांनी मला रमाबाईंनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं. मला सगळ्यात जास्त आठवतात ते तिथले मोठे रांजण आणि पटांगण. वडील म्हणाले, एवढ्या पोरींना पाणी लागत असेल ना. तेव्हापासून आज्ञापालन म्हटलं की, माझ्या डोळ्यांपुढे ते रांजण येतात.

आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकही बघ. नवऱ्याचा, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी लगेच मागोमाग घेतला नाही. पाच वर्षं झगडल्या, स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा १९०० साली घेतला. नवऱ्याच्या धाकाने घेतला असता, तर तो बाप्तिस्मा त्यांचा झाला नसता.

तेव्हा बंगळूरला जावं की नाही, हे प्रार्थना करून, आईशी बोलून तू ठरव. पगाराची स्लिप दाखवणं या महिन्यापासून बंद कर. त्यावरून तुला संगतीतून काढलं, तर मला पत्र लिही. पुण्यात ओळखीची माणसं आहेत, उपासनेला एकटी बसणार नाहीस.


प्रश्न : मी ८१ वर्षांची आहे. गुडघे टेकता येत नाहीत. अंथरुणावर प्रार्थना सुरू करते आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' अर्ध्यावर असतानाच डोळा लागतो. फार अपराधी वाटतं.

उत्तर : आजी, एकशे सत्ताविसाव्या स्तोत्रात आहे की, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. तुम्ही त्याच्याशी बोलता बोलता झोपता, त्यात अपराध कसला? माझी नात माझ्याशी बोलता बोलता अशीच झोपते, मी तिला उठवत नाही.

पण एक काम सांगते. पहाटे तीनला जाग येत असेलच, या वयात सगळ्यांना येते. पहिलं पत्र ज्या भावाचं आहे त्याचं नाव मला छापता येत नाही, देवाला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात त्याच्यासाठी मागा. हा अंक तुमच्या हातात पडेल त्या आठवड्यात तो कदाचित थोरल्याच्या ओट्यावर चपला काढत असेल.